औषध कोणाला बाधतं, कोणाला लागू पडत नाही: सीमाभागातल्या घरांसाठी मार्गदर्शक

अँजिओप्लास्टी झालेल्या दोघांना डॉक्टर क्लोपिडोग्रेलची तीच ७५ मिलिग्रॅमची गोळी देतात. एकाच्या रक्तात ती गुठळी होऊ देत नाही. दुसऱ्याच्या अंगात गोळीतलं औषध पुरेसं तयारच होत नाही, स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवण्यासाठी बसवलेली जाळी) पुन्हा बंद पडण्याचा धोका टिकून राहतो, आणि वरून पाहता दोघेही सारखेच बरे दिसतात. गोळी बनावट नसते, पथ्यही मोडलेलं नसतं. दुसऱ्या माणसाला आईवडिलांकडून आलेलं एक जनुक मंद असतं.

बेळगावात औषधाच्या दुकानात काम करताना "ही गोळी मला सोसंल न्हवं?" हा प्रश्न मला सारखा ऐकू येतो. प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर वय, वजन, मूत्रपिंड, यकृत, बरोबर चालू असलेली औषधं, विडी-सिगारेट आणि जनुकं या सगळ्यांवर मिळून ठरतं. जनुकांचा भाग आता बराच कळला आहे, पण खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरीच्या गावांत त्याबद्दल कोणी बसून समजावून सांगत नाही. हा विषय पहिल्यांदाच वाचणाऱ्यांसाठी मी हे लिहिते आहे. माझं मत आधीच सांगते: जनुकीय चाचणीवर पैसे घालण्यापूर्वी घरच्या घरी, बिनखर्चात करण्यासारखी बरीच कामं आहेत, आणि ती केल्याशिवाय चाचणीचा पुरता फायदा मिळत नाही.

पायरी पहिली: औषधाचं अंगात काय होतं ते समजून घ्या

पोटात गेलेली बहुतेक औषधं यकृतातून जातात. तिथले एन्झाइम, म्हणजे शरीरातली रासायनिक कामं घडवणारी प्रथिनं, त्यांची मोडतोड करतात. हे काम उसाच्या चरकासारखं आहे असं समजा. चरक मंद असेल तर ऊस साठत जातो, तसं औषध रक्तात साठतं आणि नेहमीचा डोससुद्धा जास्त होतो. चरक फार वेगवान असेल तर औषध काम करण्याआधीच संपतं. काही औषधं मात्र अशी आहेत की गोळीतला पदार्थ म्हणजे नुसता ऊस, कामाचा असतो तो रस. क्लोपिडोग्रेल त्यातलंच. इथे चरक मंद असेल तर औषध साठण्याचा प्रश्न नसतो, रसच मिळत नाही.

यकृतातल्या या एन्झाइमांची नावं अवघड आहेत, पण रिपोर्टवर तीच छापलेली असतात, म्हणून ओळख असू द्या: सीवायपी२सी१९, सीवायपी२डी६, सीवायपी२सी९. प्रत्येकाचं जनुक आपल्याकडे दोन प्रतींत असतं, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. दोन्ही प्रती मंद असतील तर माणूस 'मंद' गटात, एक मंद आणि एक चांगली असेल तर 'मध्यम' गटात येतो.

दुसरा प्रकार वेगळा आहे. काही माणसांच्या पेशींवर एचएलए नावाच्या प्रथिनांचा असा प्रकार असतो की ठरावीक औषध आलं की शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच कातडीवर, यकृतावर हल्ला चढवते. इथे डोस कमी करून भागत नाही, ते औषधच त्या माणसाला चालत नाही. तिसरा प्रकार रक्तातल्या एन्झाइमांचा. लाल पेशींना सांभाळणारं जी६पीडी कमी असेल तर काही औषधांनी त्या पेशी फुटतात.

हे ज्ञान काल-परवाचं नाही. टीबीवरचं आयसोनियाझिड १९५२ पासून वापरात आलं आणि काही वर्षांतच दिसलं की काहींच्या रक्तातून ते झटकन जातं, तर काहींच्या रक्तात बराच वेळ राहतं. १९५६ मध्ये हिवतापावरच्या प्रिमाक्विनने काहींचं रक्त का फुटतं याचं कारण जी६पीडीच्या कमतरतेत सापडलं. १९५९ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ फ्रीड्रिख फोगेल यांनी या अभ्यासशाखेला 'फार्माकोजेनेटिक्स' हे नाव दिलं.

पायरी दुसरी: घरातल्यांना विचारून औषधांचा इतिहास लिहा

ही सगळ्यात मोलाची पायरी आहे, आणि ती आपल्याकडे करणं सोपं आहे, कारण आपल्याला नातीगोती पाठ असतात. एक वही घ्या. आजी-आजोबांपासून सुरुवात करा. "कुणाला औषध बाधलं होतं का?" असं मोघम विचारलं तर "नाही बा" असं उत्तर येतं. त्यापेक्षा नेमकं विचारा.

घरात कोणाला फिटच्या गोळ्या सुरू केल्यावर अंगभर पुरळ येऊन, तोंड सोलून निघून दवाखान्यात ठेवावं लागलं होतं का? मलेरियाच्या किंवा लघवीच्या जळजळीच्या गोळ्यांनंतर कोणाची लघवी कोकमाच्या सरबतासारखी लाल-काळी झाली, कावीळ झाली होती का? ऑपरेशननंतर कोणाला भूल उतरायला फार वेळ लागला, तासन्‌तास श्वासाच्या यंत्रावर ठेवावं लागलं होतं का? इंजेक्शनांचा कोर्स झाल्यावर कोणाचं ऐकणं गेलं का? रक्त पातळ करायच्या गोळीने कोणाच्या हिरड्यांतून, नाकातून रक्त आलं का? कॅन्सरच्या पहिल्याच केमोने कोणाची तब्येत अनपेक्षितपणे फार खालावली का?

यात कोणत्या बाजूचं नातं आहे ते जरूर लिहा. जी६पीडीचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मुलग्याला एक्स आईकडूनच मिळतं, म्हणून मुलाच्या बाबतीत मामाला काय झालं होतं ते जास्त महत्त्वाचं. काकांचा इतिहास इथे फारसा कामाचा नाही. जेंटामायसिन, अॅमिकासिन, स्ट्रेप्टोमायसिन या इंजेक्शनांनी बहिरेपण येण्याचं एक कारण पेशींतल्या मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागाच्या) डीएनएत असतं, आणि ते तर फक्त आईकडूनच येतं. तेव्हा मावशी, मामा, आईकडची आजी यांना विचारा. बाकी बहुतेक जनुकं दोन्हीकडून येतात, तिथे आत्याही तितकीच महत्त्वाची.

आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. आपल्या सीमाभागात मामाची मुलगी करण्याची चाल जुनी आहे, आणि कर्नाटकात मामा-भाचीची लग्नंही होत आली आहेत. नवरा-बायको रक्ताच्या नात्यातले असतील तर एकाच पूर्वजाकडून आलेली तीच मंद प्रत दोघांकडूनही मुलाला मिळण्याची शक्यता वाढते. असं लग्न झालेल्या कोणालाही यात दोष द्यायचा नाही. पण डॉक्टरांना इतिहास सांगताना "आईवडील आते-मामे भावंडं आहेत" हे वाक्य जरूर सांगा, त्याने डॉक्टरांचा विचार वेगळ्या दिशेला जातो.

पिढ्यान्‌पिढ्या समाजातल्या समाजातच लग्नं होत आल्याने काही समाजांत ठरावीक जनुकं जास्त सापडतात. त्याचं सगळ्यात चांगलं अभ्यासलेलं उदाहरण दक्षिण भारतातल्या आर्य वैश्य समाजाचं आहे. तिथे ब्युटिरिलकोलिनएस्टरेज नावाच्या एन्झाइमची कमतरता इतरांपेक्षा बरीच जास्त दिसते. भूल देताना श्वासनलिकेत नळी घालण्यासाठी सक्सिनिलकोलिन (डॉक्टर त्याला 'स्कोलिन' म्हणतात) वापरतात. त्याचा परिणाम एरवी पाच-दहा मिनिटांत उतरतो. या एन्झाइमची कमतरता असलेल्यांचे श्वासाचे स्नायू मात्र काही तास लुळे राहतात. आधी माहीत असेल तर भूलतज्ज्ञ सहज दुसरं औषध वापरतात, आणि आयत्या वेळी कळलं तरी यंत्रावर श्वास चालू ठेवून माणूस सुखरूप बाहेर येतो. ही कमतरता कोणत्याही समाजात असू शकते. ती मोजायची रक्ततपासणी साधी असते. शेतकऱ्यांसाठी एक जोड: ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशकाची फवारणी करणाऱ्यांत हे एन्झाइम फवारणीमुळेही तात्पुरतं घटतं. ऊस, द्राक्षं, भाजीपाला यांवर नुकतीच फवारणी केली असेल आणि ऑपरेशन ठरलं असेल, तर भूलतज्ज्ञांना ते सांगा.

पायरी तिसरी: सीमेच्या दोन्ही बाजूंना चालेल असा कागद करा

आपला माणूस आजारी पडला की तो बेळगावातच राहील असं नसतं. खानापूर, लोंढ्याकडची माणसं गोव्याला बांबोळीला जातात, निपाणी-संकेश्वरकडची कोल्हापूरला, अथणी-रायबागकडची मिरजेला, काही हुबळीला. एका ठिकाणी झालेला त्रास दुसऱ्या ठिकाणच्या डॉक्टरांना कळत नाही, आणि सरकारी दवाखान्यात बोलताना भाषेची अडचण येते ती वेगळीच. म्हणून घडी घालून पाकिटात राहील एवढा एक कागद करा.

त्यावर औषधाचं मूळ नाव इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहा. कंपनीचं नाव पुरत नाही, कारण तेच औषध दुसऱ्या नावाने पुन्हा हातात पडू शकतं. पट्टीवर मूळ नाव बारीक अक्षरांत छापलेलं असतं, ते दुकानदाराकडून लिहून घ्या. त्याखाली काय झालं (पुरळ, श्वास लागणं, कावीळ, रक्त येणं), औषध सुरू केल्यापासून किती दिवसांनी झालं आणि साल लिहा. खाली एक ओळ कन्नडमध्ये लिहून घ्या, कारण १०८च्या गाडीवरचा माणूस किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातली नर्स ती पटकन वाचेल. शेजारच्या शाळेतले कन्नडचे गुरुजी आनंदाने लिहून देतील. मोबाइलमध्येही फोटो ठेवा, आणि आभा (सरकारी डिजिटल आरोग्य) खातं उघडलं असेल तर त्यालाही जोडा.

"मला पेनिसिलिन चालत नाही" असं बरेचजण सांगतात आणि विचारल्यावर कळतं की लहानपणी कधीतरी जुलाब झाले होते. जुलाब म्हणजे अॅलर्जी नव्हे. नेमकं काय झालं ते लिहिलं नाही तर चांगलं, स्वस्त औषध आयुष्यभर बाजूला राहतं. म्हणून 'बाधलं' एवढंच लिहू नका.

पायरी चौथी: कोणत्या औषधाआधी थांबून विचारायचं

प्रत्येक गोळीसाठी जनुकांचा विचार करण्याची गरज नाही. शुगरच्या आणि बीपीच्या नेहमीच्या गोळ्यांसाठी सहसा जनुकं तपासत नाहीत, साखर आणि दाब मोजूनच डोस ठरतो. पण काही औषधांच्या बाबतीत आधी विचारणं खरोखर जीव वाचवतं.

फिटच्या आणि चेहऱ्याच्या नसेच्या तीव्र दुखण्याच्या औषधांपासून सुरुवात करते, कारण इथला धोका सगळ्यात भयंकर आहे. कार्बामाझेपिन हे स्वस्त आणि उत्तम औषध आहे. पण एचएलए-बी १५:०२ हा प्रकार असलेल्या माणसांना त्याने स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम होऊ शकतो. आधी ताप, घसा दुखणं, डोळे लाल होणं, मग पुरळ, फोड, तोंड आणि डोळ्यांच्या आतली त्वचा सोलून निघणं. हा संबंध २००४ मध्ये तैवानमधल्या रुग्णांत दिसला, आणि २००७ पासून अमेरिकेचा औषध विभाग आशियाई वंशाच्या लोकांत आधी चाचणी करायला सांगतो. हा प्रकार भारतात आग्नेय आशियाइतका सर्रास नाही, पण आहे, आणि भारतीय रुग्णांतही हाच संबंध दिसला आहे. त्रास बहुधा पहिल्या दोन-तीन महिन्यांत होतो. तेव्हा "हे औषध सुरू करण्याआधी एचएलए तपासणं शक्य आहे का?" असं विचारा. डॉक्टर लगेच दुसरं औषध निवडतील किंवा चाचणी सांगतील. काहीही ठरलं तरी ते पहिले महिने अंगावर लक्ष ठेवा. फिनिटॉइनच्या बाबतीत सीवायपी२सी९ मंद असेल तर औषध साठतं आणि चालताना तोल जातो, डोळे थरथरतात, बोलणं जड होतं. घरचे कधी कधी याला अशक्तपणा समजतात. तो बहुधा जास्त झालेला डोस असतो, रक्तातलं प्रमाण मोजता येतं.

हृदयाच्या बाबतीत क्लोपिडोग्रेलचं वर आलंच. सीवायपी२सी१९ची मंद प्रत भारतीयांत युरोपीयांपेक्षा बरीच जास्त आढळते. निम्म्याच्या आसपास लोकांत किमान एक मंद प्रत असते. अमेरिकेत २०१० पासून या औषधाच्या माहितीपत्रकात ठळक इशारा छापला जातो. स्टेंट बसवताना "माझ्यासाठी टिकाग्रेलोर किंवा प्रासुग्रेल योग्य ठरेल का, की चाचणी करायची?" असं विचारण्यात काहीही गैर नाही. दुसरी औषधं थोडी महाग आहेत आणि रक्तस्त्रावाचा धोका त्यांत जास्त, म्हणून निवड डॉक्टरांवर सोडा. एक गोष्ट मात्र तुमच्याच हातात आहे: अॅसिडिटीसाठी ओमेप्राझोल किंवा ईसोमेप्राझोल स्वतःच्या मनाने घेऊ नका. ही औषधं हेच एन्झाइम अडवतात, म्हणजे चांगलं जनुक असलेल्या माणसातही औषधाचा परिणाम घटू शकतो. पॅन्टोप्राझोलचा हा त्रास कमी आहे.

व्हॉल्व्ह बदललेल्यांना, पायात गुठळी झालेल्यांना वॉरफॅरिन किंवा अॅसेनोकुमारॉल देतात. इथे सीवायपी२सी९ आणि व्हीकेओआरसी१ ही दोन जनुकं डोसवर मोठा परिणाम करतात. तरीही मी इथे चाचणीचा आग्रह धरणार नाही. २०१३ मध्ये दोन मोठे अभ्यास एकाच वेळी प्रसिद्ध झाले, एकात जनुकं पाहून डोस ठरवण्याचा फायदा दिसला, दुसऱ्यात दिसला नाही. त्यापेक्षा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते पाहणारी) तपासणी वेळेवर करणं, पालेभाजी अचानक बंद किंवा अचानक जास्त न करणं, आणि दुखण्याची गोळी मनाने न घेणं याने जास्त फरक पडतो. मेथी, शेपू, तांदळी, अंबाडी खा, पण दर आठवड्याला साधारण सारखीच.

टीबीच्या औषधांत आयसोनियाझिड असतं. एनएटी२ जनुकामुळे काहींच्या अंगात ते मंद गतीने जातं, आणि भारतात असे लोक निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त आहेत. त्यांच्यात हातापायांना मुंग्या येणं आणि यकृताला सूज येणं जास्त दिसतं. मुंग्यांवर बी६ जीवनसत्त्वाची गोळी असते. भूक मेली, उलट्या होऊ लागल्या, डोळे पिवळे दिसू लागले तर आरोग्य केंद्रात त्याच दिवशी जा. मनाने गोळ्या सोडू नका. अर्धवट कोर्सने जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि घरातल्या लहान मुलांनाही तोच टीबी लागू शकतो.

हिवतापाच्या एका प्रकारात १४ दिवस प्रिमाक्विन देतात. ते सुरू करण्याआधी जी६पीडीची तपासणी करता येते का ते विचारा, विशेषतः घरात आधी कोणाला त्रास झाला असेल तर. लघवी काळपट झाली तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांकडे. लघवीच्या संसर्गावरचं नायट्रोफ्युरँटॉइन आणि कुष्ठरोगावरच्या मोफत औषधांतलं डॅप्सोनही याच यादीत येतं. कपाटातल्या डांबराच्या गोळ्यासुद्धा, म्हणून अशा घरात बाळाचे कपडे त्यांच्यात ठेवू नका. डॅप्सोनचा आणखी एक वेगळा त्रास आहे, सुरू केल्यावर साधारण महिना-दीड महिन्यात ताप, पुरळ, कावीळ एकदम येतात. त्याचा संबंध एचएलए-बी १३:०१ शी आहे, हे २०१३ मध्ये कळलं.

बाकीची थोडक्यात, औषध आणि त्याच्याशी जोडलेलं जनुक असं. वातरक्त (गाउट) वरचं अॅलोप्युरिनॉल आणि एचएलए-बी ५८:०१. एचआयव्हीवरचं अबॅकाव्हिर आणि एचएलए-बी ५७:०१. अबॅकाव्हिरने एकदा अॅलर्जीचा त्रास झाला असेल तर ते पुन्हा कधीच घ्यायचं नाही, दुसऱ्यांदा जिवावर बेतू शकतं. केमोतलं ५-फ्लुरोयुरासिल आणि कॅपेसिटाबिन यांच्यासाठी डीपीवायडी, इथे चाचणी करूनच सुरू करावं असं माझं ठाम मत आहे. युरोपात २०२० पासून तशी शिफारस आहे. अझाथायोप्रिन आणि मर्काप्टोप्युरिनसाठी टीपीएमटी आणि एनयूडीटी१५. यातलं एनयूडीटी१५ आशियाई लोकांत महत्त्वाचं, त्यामुळे रिपोर्टमध्ये दोन्ही आहेत का ते बघा. कोडीनचं खोकल्याचं औषध आणि ट्रॅमाडॉल १२ वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, आणि अंगावर पाजणाऱ्या आईनेही टाळावं, कारण सीवायपी२डी६ अतिवेगवान असेल तर कोडीनचं मॉर्फिन भराभर तयार होतं आणि श्वास मंदावतो. कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांनी मांड्या, पोटऱ्या दुखत असतील तर एसएलसीओ१बी१ हे जनुक एक कारण असू शकतं, पण त्यासाठी गोळी सोडायची नाही, डोस किंवा औषध बदलून घ्यायचं.

पायरी पाचवी: सगळं जनुकांवर ढकलू नका

निपाणीच्या पट्ट्यातल्या घरांना हे विशेष सांगायचं आहे. विडीच्या धुरातले घटक सीवायपी१ए२ हे एन्झाइम जोरात पळवतात. दम्याचं थिओफायलिन आणि मानसिक आजारांवरची क्लोझापिन, ओलांझापिन ही औषधं त्यामुळे लवकर संपतात, आणि डॉक्टर त्या हिशोबाने डोस वाढवतात. मग माणूस दवाखान्यात दाखल होतो, विडी बंद होते, आणि आठवडाभरात तोच डोस जास्त व्हायला लागतो. विडी सोडणं उत्तमच, फक्त सोडत आहात हे डॉक्टरांना सांगा. हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नाही. त्यामुळे तंबाखू-चुना मळणाऱ्याला किंवा मिसरी लावणाऱ्या बाईला हे लागू होत नाही (त्यांचे धोके वेगळे आणि मोठे आहेत).

टीबीचं रिफॅम्पिसिन अनेक एन्झाइम एकदम वाढवतं. त्यामुळे गर्भनिरोधक गोळ्या निकामी होतात आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा परिणाम घटतो. टीबीचा कोर्स घेणाऱ्या तरुण बायकांना हे कोणी सांगत नाही आणि त्याचा भोग त्यांनाच भोगावा लागतो, म्हणून इथे लिहिते: या काळात गोळ्यांवर विसंबू नका, दुसरं साधन वापरा.

डॉक्टरांकडे जाताना चालू असलेल्या सगळ्या पट्ट्या एका पिशवीत घालून न्या. गावातल्या वैद्यांचं चूर्ण, काढा, जत्रेतून आणलेलं तेल, दुखण्याची गोळी, सगळं.

पायरी सहावी: चाचणी करायचीच असेल तर

आधी दोन प्रश्न विचारा. कोणत्या औषधासाठी? आणि उत्तर काहीही आलं तर उपचारात काय बदल होईल? दुसऱ्याचं उत्तर "काही नाही" असेल तर पैसे वाचवा.

जी६पीडी किंवा कोलिनएस्टरेज यांच्या तपासण्या साध्या रक्तावर होतात आणि तुलनेने स्वस्त असतात. जी६पीडीत एक मेख आहे: रक्त फुटण्याचा प्रकार नुकताच होऊन गेला असेल तर नव्या लाल पेशींमुळे तपासणी चुकून सामान्य येऊ शकते, सुमारे तीन महिन्यांनी पुन्हा करावी. जनुकांची चाचणी रक्तावर किंवा गालाच्या आतल्या पुसण्यावर होते. बेळगावात नमुना दिला तरी तो बहुधा बंगळूर, मुंबई, हैदराबादसारख्या शहरात जातो, म्हणून रिपोर्टला वेळ लागेल हे धरूनच ठरवा. प्रयोगशाळेला एनएबीएलची (प्रयोगशाळांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता आहे का ते बघा. एका जनुकाची चाचणी आणि अनेक जनुकांचा संच यांच्या किमतीत मोठा फरक असतो. तातडीचं एकच औषध असेल तर एकच जनुक पुरतं. लांबचे आजार, पुष्कळ औषधं, पुढे आणखी लागण्याची शक्यता असेल तर संच परवडतो, कारण जनुकं बदलत नाहीत आणि रिपोर्ट जन्मभर उपयोगी पडतो. २०२३ मध्ये युरोपातल्या सात देशांत जवळपास सात हजार रुग्णांवर झालेल्या अभ्यासात १२ जनुकांचा संच पाहून औषध दिल्यावर दुष्परिणाम सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. ते लोक युरोपातले होते हे लक्षात ठेवा. आपल्याकडच्या जनुकांची नोंद आता वाढते आहे. केंद्र सरकारच्या जीनोम इंडिया प्रकल्पात देशभरातल्या सुमारे १०,००० लोकांचे जीनोम (संपूर्ण जनुकीय माहिती) वाचले गेले आहेत.

रिपोर्ट आल्यावर तो बघून स्वतः गोळी बदलू नका. ज्यांनी औषध लिहून दिलं त्यांच्यासमोर ठेवा. त्यांना या विषयाची सवय नसेल तर 'सीपिक' या आंतरराष्ट्रीय गटाची मार्गदर्शक तत्त्वं कोणालाही मोफत वाचता येतात, हे नम्रपणे सांगा. "तुमच्या मनाच्या आजारावर कोणती गोळी बेस्ट ते आम्ही डीएनएवरून सांगतो" अशा जाहिरातींपासून सावध राहा. अशा दाव्यांबद्दल अमेरिकेच्या औषध विभागाने २०१८ मध्येच इशारा दिला होता.

चाचणीत काही निघालं तर ते एकट्याचं नसतं. सख्ख्या भावंडांत तेच असण्याची शक्यता बरीच असते. पुण्याला असलेल्या भावाला, गोव्याला दिलेल्या बहिणीला फोन करून सांगा आणि रिपोर्टचा फोटो पाठवा.

पायरी सातवी: त्रास झालाच तर

औषध मनाने बंद करू नका, हे मी वर वारंवार लिहिलं. त्याला अपवाद आहेत. नवं औषध सुरू केल्यावर तापासह पुरळ, तोंडात-डोळ्यांत फोड, कातडी सुटणं, ओठ-जीभ-चेहरा सुजणं, श्वास अडकणं, लघवी काळी होणं, यातलं काहीही दिसलं तर पुढची गोळी घेऊ नका आणि थेट मोठ्या दवाखान्यात जा. रात्र असली तरी सकाळची वाट बघू नका. बरोबर पट्टी आणि तो पाकिटातला कागद न्या.

बरं वाटल्यावर तक्रार नोंदवा. २०१० पासून देशात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवण्याची सरकारी योजना चालू आहे, गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडून ती चालते. तिचा मोफत फोन १८००-१८०-३०२४ आहे. सामान्य माणसासाठी फॉर्म मराठीतही आहे आणि कन्नडमध्येही, डॉक्टरांची सही लागत नाही. फॉर्म भरायला अडचण वाटली तर बेळगावात जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयात किंवा सरकारी बिम्समध्ये (बेळगाव वैद्यकीय विज्ञान संस्थेत) औषधशास्त्र विभागात चौकशी करा. आपल्याकडच्या लोकांना कोणतं औषध का बाधतं हे कळण्यासाठी अशा नोंदी लागतात, आणि सीमाभागातून त्या फार कमी जातात असं मला दुकानातल्या अनुभवावरून वाटतं. फॉर्मवर औषधाचा बॅच नंबर विचारतात. तो पट्टीच्या मागच्या कडेला असतो, म्हणून गोळ्या काढताना ती कडा फाडून टाकू नका.